देशाचं वाटोळं कुणी केलं?



त्या दिवशी अभ्यासवर्ग सुटला आणि आपण सगळे बिंदू चौकात चहाच्या गाड्यावर येऊन उभे राहिलो. कुणीतरी विषय काढला, या देशाचं सगळ्यात जास्त वाटोळं कुठल्या पुढाऱ्यानं केलं? विषय काही नवा नव्हता. आपल्या पोरांत दर महिन्याला एकदा तरी निघतोच. एकजण म्हणाला, गांधी. पुणे करार. विषय संपला. दुसरा म्हणाला, इंदिरा गांधी. आणीबाणी. तिसऱ्यानं नेहरूंचं नाव घेतलं, हिंदू कोड बिलाच्या वेळी त्यांनी बाबासाहेबांना वाऱ्यावर सोडलं म्हणून. चौथ्यानं २०१६ च्या नोटाबंदीपासून सुरुवात केली आणि नरेंद्र मोदींवर आणून थांबवली. आवाज चढले. गाडेवाला हसत होता.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक पोरगा हळूच म्हणाला, "आणि आपल्या पुढाऱ्यांनी केलंय ते?"

सगळे गप्प. मग एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्यांचं नाव हितं नको लगा. लोकं ऐकत्यात."

चहा संपला. गाड्या काढल्या आणि घरी गेलो. पण ते "लोकं ऐकत्यात" माझ्या डोक्यातून गेलं नाही. ज्या चौकात हे बोलणं झालं तिथं १९५० साली, बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं फुल्यांचा आणि त्यांचा पुतळा बसवला गेला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं की धर्मात भक्ती चालत असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधःपाताची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट. त्यांच्या पुतळ्याखाली उभं राहून आपण ठरवलं की आपल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही! म्हणून हे लिहितोय. भांडण मिटवायला नव्हे, नीट लावायला.

१

पहिला प्रश्न. देशाचं वाटोळं म्हणजे कुणाचं? देश कुणाला म्हणायचं?

वर्तमानपत्रातला देश म्हणजे सीमा, रुपयाचा भाव आणि शेअर बाजार. आपल्या वस्तीतला देश म्हणजे पाण्याचा नळ, स्मशानाची जागा, तलाठ्याचा उतारा आणि पोलीस ठाण्यातला ठाणे अंमलदार. या दोन देशांचं नफा-नुकसान एकाच वहीत बसत नाही.

आणीबाणीचंच घ्या. २५ जून १९७५ ला ती पुकारली. शहरातल्या शिकल्या-सवरल्या माणसाला तिची आठवण म्हणजे वर्तमानपत्रांची बंद झालेली तोंडं आणि तुरुंगात गेलेले पुढारी. ते खरंच आहे. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ५ पैकी ४ न्यायमूर्तींनी सांगितलं की डांबून ठेवलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. एकट्या एच. आर. खन्नांनी विरोधात लिहिलं, आणि पुढच्या वर्षी त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं. पण त्याच १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदाही झाला. आणि त्याच काळात, १९७६-७७ च्या एका वर्षात, ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. जबरदस्तीनं कुणाला नेलं? ज्याच्यामागं वकील नाही, ज्याची ओळख नाही, त्याला. म्हणजे एकाच राजवटीत गरिबाच्या गळ्यातला एक दोर कापला आणि त्याच गरिबाला टेबलावर आडवाही केला.

त्या वेळी आपल्यातल्याही काहींनी इंदिराबाईंची बाजू घेतली. नामदेव ढसाळांनी घेतली. त्यांच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही, पण ही गोष्ट आपण हळू आवाजात बोलतो. का? कोर्टाचं बंद झालेलं दार सगळ्यात आधी कुणाला लागतं? ज्याच्याकडं कोर्टाशिवाय दुसरं काहीच नाही त्याला. मराठ्याला भावकी आहे, बामणाला कचेरीतली ओळख आहे, शेटजीकडं पैसा आहे. आपल्याकडं घटना आहे. घटनेला जो हात लावतो, तो बाकी काहीही देत असला, तरी आपला शेवटचा आधार काढतो. म्हणून कुठल्याही पुढाऱ्याचं माप काढताना माझा पहिला प्रश्न हा आहे : त्यानं चूक दुरुस्त करायचा रस्ता उघडा ठेवला की बुजवला?

जर्मनीत २३ मार्च १९३३ ला संसदेनं आपले अधिकार हिटलरच्या हवाली केले. बाजूनं ४४४ मतं पडली, विरोधात ९४. ती ९४ मतं एकट्या समाजवादी लोकशाही पक्षाची होती, कम्युनिस्टांना तर आधीच पकडून, हाकलून बाहेर ठेवलं होतं. हिटलरनं देशाचं वाटोळं केलं हे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण त्या ४४४ जणांची नावं कुणाला ठाऊक आहेत? वाटोळं एका नावावर चढतं, आणि बाकीचे शांतपणे घरी जातात.

२

दुसरं माप. केलेलं नुकसान दिसतं. न केलेलं नुकसान दिसत नाही.

आपल्याच कोल्हापूरचं उदाहरण घ्या. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात महारकी वतन मोडलं, जमिनी रयताव्यानं लोकांच्या नावावर केल्या. महार आता गावाचा सांगकाम्या राहिला नाही. संस्थानाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात पाऊल टाकलं की मात्र तोच महार, तेच वतन, तीच वेठ. तिथं बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं. ते तडीला गेलं नाही. कायदा झाला १९५८ साली. तोवर बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण होऊन गेलं होतं.

१९१८ ते १९५८. चाळीस वर्षं. एका राजाला जे एका हुकमानं जमलं, त्याला लगतच्या मुलखात चाळीस वर्षं लागली. त्या चाळीस वर्षांत किती माणसं गावकीची पत्रं पोचवायला उन्हातान्हात पळाली, मेलेली ढोरं ओढली, भाकरीसाठी दारोदार हिंडली? हे नुकसान कुणाच्या नावावर टाकायचं? गव्हर्नरच्या? कायदेमंडळात मान हलवणाऱ्या सभासदांच्या? १९४७ नंतर सत्तेवर आलेल्या काँग्रेसवाल्यांच्या? प्रत्येकजण म्हणेल, मी काय केलं? खरंच आहे. त्यांनी काहीच केलं नाही. तोच तर गुन्हा.

नामांतराचं तसंच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला. लगेच मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. ठराव कागदावर राहिला. १९७९ चा लाँग मार्च झाला, लाठ्या झाल्या, तुरुंग झाले. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. मग १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, नामांतर नव्हे. या सोळा वर्षांत मुख्यमंत्रिपदावर ७ जण बसले. त्यातले शरद पवार पहिल्या ठरावाच्या वेळीही होते आणि शेवटच्या निर्णयाच्या वेळीही. आता सांगा, त्यांच्या खात्यावर काय लिहायचं? ठराव आणला म्हणून जमा, थांबला म्हणून नावे, शेवटी केला म्हणून पुन्हा जमा? आणि मधले सहाजण? त्यांची नावं आपल्यातल्या किती पोरांना क्रमानं सांगता येतील?

विलंब हे राज्यकर्त्याचं सगळ्यात स्वच्छ हत्यार आहे. त्याला रक्त लागत नाही.

३

इथं आपल्यातला शिकलेला कार्यकर्ता म्हणतो, "व्यक्तीचं काय घेऊन बसलात? दोष व्यवस्थेचा आहे." हे वाक्य मीही शंभर भाषणांत फेकलंय, टाळ्याही घेतल्यात. ते खोटं नाही. पण अर्धवट आहे, आणि अर्धवट सत्याच्या आड लपायला फार सोयीचं असतं.

व्यवस्था साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहत नाही. तिला समन्स बजावता येत नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला, १० माणसं मेली. बारा वर्षांनी, २००९ साली, एका फौजदाराला शिक्षा सुनावली गेली. ज्याच्या हुकमानं बंदूक चालली त्याचं नाव तरी कागदावर आलं. त्याच्या वरची शिडी? त्या वेळच्या सरकारची जबाबदारी? तिथं आल्यावर सगळे "व्यवस्था" म्हणतात आणि फाइल बंद होते. उलट खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, तिथं कोर्टानं आरोपींना शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. म्हणजे माणसं सापडली आणि जात हरवली! एकीकडं जात दिसते पण माणूस दिसत नाही, दुसरीकडं माणूस दिसतो पण जात दिसत नाही. दोन्हीत सुटतो कोण, ते तुम्हीच बघा.

या कोड्यावर बाबासाहेबांनी विचार केलेला आहे. १८ जानेवारी १९४३ ला पुण्याच्या गोखले हॉलमध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त त्यांनी भाषण केलं, रानडे, गांधी आणि जिना. आपण चहाच्या गाड्यावर जे भांडण करतो तेच त्यांनी भर पुण्यात, सनातन्यांच्या नाकासमोर केलं. पण कसं केलं ते बघा. आधी त्यांनी विचारलं की इतिहास माणूस घडवतो की परिस्थिती? परिस्थितीचं बळ त्यांनी नाकारलं नाही. पण सगळं परिस्थितीवर ढकलायलाही ते तयार झाले नाहीत. गारगोटी असली तरी ठिणगी पाडायला माणसाचा हात लागतोच, असा त्यांचा मुद्दा होता. मग विचारलं, थोर माणूस कुणाला म्हणायचं? प्रामाणिकपणा पाहिजे, बुद्धी पाहिजे, पण तेवढ्यानं भागत नाही. समाजाची घाण काढायचा हेतू त्यामागं पाहिजे. आणि हे माप आधी जाहीर करून मगच त्यांनी गांधी आणि जिना यांना तागडीत टाकलं, की या दोघांच्या अहंकारापायी देशाचं राजकारण अडून बसलंय, आणि वर्तमानपत्रं त्यांच्या भक्तीचा धंदा करतायत.

आधी माप, मग नाव. आपण आधी नाव घेतो आणि मग त्याला बसेल असं माप शोधतो.

पुणे कराराचं बोलताना तर आपण नुसतं चिडतो. गांधींनी २० सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात उपोषण धरलं, २४ ला करार झाला. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. समोरचा माणूस हाच आकडा तोंडावर फेकतो, "दुप्पट मिळाल्या की रे!" आणि आपला पोरगा गप्प बसतो, नाहीतर शिवी देतो. उत्तर आकड्यात नाही. प्रश्न जागा किती हा नव्हता, त्या जागेवरचा माणूस कोण निवडणार हा होता. स्वतंत्र मतदारसंघात आपला माणूस आपण निवडणार होतो. करारानंतर आपला माणूस गाव निवडणार. ज्याला गावाची मतं पाहिजेत तो गावाला दुखवेल कशाला? बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात निवडणुकीचे तक्ते देऊन हेच उलगडून दाखवलं. त्यांनी शिवी दिली नाही, हिशेब दिला. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हाही कारणं एकेक करून लेखी मांडली, आणि सभागृहात वाचायची आडकाठी झाली तेव्हा वर्तमानपत्रांच्या हवाली केली.

४

आता त्या कोपऱ्यातल्या पोराचा प्रश्न. आपल्यांचं काय?

३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. पुढं त्याचे किती गट झाले ते सांगायला वही लागेल. पण एकच गोष्ट बघा. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत गट एकत्र आले आणि महाराष्ट्रातून चार खासदार निवडून आले. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे. चारही जागा खुल्या! राखीव नव्हे. पुणे करारानं जे अडवलं म्हणून आपण ओरडतो, ते खुल्या मतदारसंघात चौघांनी करून दाखवलं. आणि पुढच्याच वर्षी, १९९९ ला, परत निवडणूक लागली तेव्हा ती एकी उरली नव्हती. हे गांधींनी केलं? मनूनं केलं? आपल्याला फोडणारे बाहेर बसलेले असतात हे मला कळतं. पण फुटायला आतला माणूस लागतो. गारगोटी त्यांची, हात आपला.

चौघांपैकी कुणाचा दोष किती, यावर भांडायला बसलो तर रात्र पुरणार नाही. मला विचारायचंय ते दुसरंच. त्या वेळी आपण काय केलं? आपण आपापल्या साहेबाच्या मागं गेलो. कुणी हिशेब मागितला नाही.

आणि आता मी माझं सांगतो. इतरांचं पंचनामा करून स्वतःचं झाकलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

एका निवडणुकीला बारा दिवस राहिले होते. जवळच्या एका गावात आपल्या वस्तीतल्या पोराला चावडीपुढं मारलं, जातीवरून शिव्या दिल्या. त्याची आई, तिला आम्ही मावशीच म्हणतो, ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला निघाली. मारणाऱ्याचा चुलता आमच्या उमेदवाराच्या पाठीशी होता. आपल्याच एका पुढाऱ्याचा मला फोन आला. "आत्ता नको. निवडणूक होऊ दे, मग बघू. तू समजाव." मी गेलो. चळवळीचं हित सांगितलं, सत्तेत आपला माणूस बसला तर अशा शंभर केसेस निकाली काढता येतील म्हणून सांगितलं. घटनेचं नाव घेतलं, बाबासाहेबांचंही घेतलं.

मावशी भांडली नाही. चुलीपुढं बसली होती. एवढंच म्हणाली, "हे तू सांगतोयस, का तो सांगतोय?"

मला उत्तर आलं नाही. मी बाहेर पडलो. फिर्याद झाली नाही. निवडणूक झाली. "मग बघू" मधला "मग" कधी उगवला नाही. मावशी पोराला घेऊन इचलकरंजीला मागावर कामाला गेली. तिच्या दारात मी अजून गेलेलो नाही.

त्या पुढाऱ्यानं तिचं नुकसान केलं यात शंका नाही. पण तिच्या घरापर्यंत त्याचे पाय पोचले नव्हते, माझे पोचले होते. त्या ४४४ जणांत मी होतो. चाळीस वर्षं मान हलवणाऱ्यांत मी होतो. सोळा वर्षं "मग बघू" म्हणणाऱ्यांत मी होतो. फरक एवढाच की माझं खातं लहान आहे.

५

मग सगळेच दोषी म्हणून सोडून द्यायचं? नाही. सगळेच दोषी म्हणजे कुणीच दोषी नाही, आणि हे बड्यांना फार आवडतं. ज्याच्या हातात जास्त सत्ता त्याचा दोष जास्त, यात तडजोड नाही. फोन करणारा आणि निरोप्या सारखे नव्हेत. पण निरोप्या नसता तर फोन फुकट गेला असता, हेही विसरायचं नाही.

मला विचाराल, सगळ्यात जास्त नुकसान कुणी केलं, तर माझं उत्तर एका नावाचं नाही, पण मोघमही नाही. ज्या पुढाऱ्यानं आपल्या लोकांची प्रश्न विचारायची सवय मोडली, त्यानं. कारखाना बुडाला तर परत काढता येतो. वाईट कायदा झाला तर बदलता येतो. पण प्रश्न विचारायची लाज वाटू लागलेला समाज पुढच्या प्रत्येक पुढाऱ्याला फुकट मिळतो. या मापानं मोठ्यांना मोजा, लहानांना मोजा, परक्यांना मोजा, आपल्यांना मोजा. माप बदलायचं नाही.

काम साधं आहे. प्रत्येक तालुक्यात एक वही घाला. पुढाऱ्याचं नाव लिहा, आपला असो का दुसऱ्याचा. त्यापुढं तीन रकाने. काय केलं. काय करता येत असून केलं नाही. आणि त्या वेळी आपण काय केलं. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही, तो रिकामा राहिला तर वही खोटी. १४ एप्रिलला मिरवणूक काढतो, तसं वर्षातून एकदा ही वही वस्तीत मोठ्यानं वाचा. बायका बसू देत पुढं, कारण नुकसानाची खरी बेरीज त्यांच्याकडं असते.

आणि बिंदू चौकात पुढच्या वेळी हा विषय निघेल तेव्हा गांधी, नेहरू, इंदिराबाई, मोदी सगळ्यांना तागडीत टाका, खुशाल टाका. पण सुरुवात त्या कोपऱ्यातल्या पोरापासून करा. त्याला पुढं घ्या, त्याचा प्रश्न मोठ्यानं विचारू द्या.

लोकं ऐकत्यात? ऐकू देत.

जयभीम.